फळीखालची ओल

मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्याने होडीची फळी वाजवली. नाळेजवळ ठण्ण. दोन हात मागे आले, पुन्हा ठण्ण. आणखी वीतभर मागे, तर भद. कलिंगड घेताना आपण बोटाने वाजवून बघतो, आणि आतून गेलेलं फळ जसा मुका आवाज देतं, तसा तो आवाज होता. त्यांनी कानामागचा खडू काढून तिथे फुली मारली. अर्ध्या तासात त्या सोळा फुटी होडीची अर्धीअधिक फळी फुल्यांनी भरून गेली.

मालक शेजारी उकिडवे बसून बघत होते. "वरनं तर चकाचक हाय की," ते म्हणाले.

"वरनं चकाचकच दिसणार मालक. काच हाय ती, तिला काय होत न्हाय. कुजतंय ते आतलं."

मे महिन्यातली सकाळ. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर आम्ही होतो. काठ म्हणायचा तर पाणी तिथून बरंच लांब गेलं होतं. मधे भेगाळलेला गाळ, गाळात रुतलेल्या दोन होड्या आणि टेकू देऊन बाभळीच्या सावलीत ठेवलेली ही तिसरी. मालक मासेमारी करतात. वेळ पडली तर माणसं पलीकडे सोडतात. होडी त्यांनी काही वर्षांपूर्वी कोकणच्या बाजूने जुनी म्हणून घेतली होती. मिस्त्री सोलापूरच्या पूर्व भागातले, विणकर घराण्यातले. वडिलांचा हात मागावर गेला, यांचा फायबरच्या टाक्या आणि कूलरच्या बॉड्या करण्यात गेला. होड्यांचं काम वर्षातून दोन-चारदा येतं. आलं की नाही म्हणत नाहीत.

या कामाबद्दल इतकं सविस्तर का लिहायचं, असा प्रश्न पडेल. उजनीच्या काठावर होडी हाच रस्ता आहे, हे त्याचं उत्तर. १९६६ साली यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली, १९८० मध्ये धरण पूर्ण झालं, आणि भीमेचं पाणी गावांच्या शिवारात शिरलं. पळसदेवचं जुनं दगडी देऊळ पाण्यात गेलं. पाणी उतरलं की आजही ते डोकं वर काढतं. बैलगाडीने ज्या गावाला घटकाभरात जायचे, ते गाव जलाशयाच्या पलीकडे पडलं आणि रस्त्याने तिथे जायला भलामोठा वळसा आला. सोयरिकी मात्र जुन्याच राहिल्या. करमाळ्याच्या काठाची लेक इंदापूरच्या काठाला दिलेली आहे. दवाखाना आणि बाजारही पलीकडेच.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली होडी अचानक उठलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. होडीत सात जण होते. एक पोहून काठाला लागला. सहा जण गेले, त्यात दोन अगदी लहान मुलं होती. त्या दिवशी घात केला तो वाऱ्याने. पण आमच्या मालकांच्या घरात तेव्हापासून एक प्रश्न रोज निघायला लागला. त्यांच्या पत्नीने तो मलाही विचारला: "आपली होडी धडधाकट हाय का, ह्ये कुणी बघायचं?"

मिस्त्रींना त्यांनीच बोलावून घेतलं होतं.

*

फायबरची होडी कुजत नाही, ही समजूत सगळीकडे आहे आणि ती अर्धी खरी आहे. काचेच्या धाग्यांचं कापड आणि त्यात मुरवलेलं रेझिन यांचं कवच ना गंजतं, ना त्याला वाळवी लागते. अमेरिकेत रे ग्रीन यांनी १९४२ च्या सुमारास पॉलिएस्टर रेझिन आणि काच वापरून पहिली छोटी होडी केली. पुढच्या काही दशकांत लाकडी होड्यांचे कारखाने एकामागून एक फायबरकडे वळले. आपल्याकडे २००४ च्या त्सुनामीनंतर पूर्व किनाऱ्यावर मदतीत वाटलेल्या बहुतेक होड्या फायबरच्याच होत्या.

पण काचेचं कवच पातळ असतं, आणि पातळ पत्रा जसा लवतो तसं तेही लवतं. म्हणून बुडाच्या आत, पुढून मागे, उभ्या तुळया बसवतात. कारखान्यात त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. मिस्त्री तुळयाच म्हणतात, आणि मला तो शब्द जास्त बरोबर वाटतो. या तुळयांवर प्लायची फळी बसते, फळीवर काचेचा थर, आणि त्यावर आपण उभे राहतो. जुन्या होड्यांत या तुळया लाकडाच्याच असतात. काचेत गुंडाळलेल्या, म्हणून दिसत नाहीत इतकंच.

आमच्या आजोळी माळवदाचं घर होतं. पावसाळ्यापूर्वी आजोबा काठी घेऊन प्रत्येक तुळई वाजवत फिरायचे. मधे नाही, टोकाला, जिथे ती भिंतीत शिरते तिथे. मधली तुळई घराच्या वाऱ्यावर कोरडी राहते, भिंतीतलं टोक ओल धरतं आणि तिथे वारा पोचत नाही, असं ते सांगायचे. घर पडतं ते त्या टोकापासून. मिस्त्रींची हातोडी ऐकताना मला आजोबांची काठी आठवत होती.

लाकूड कुजवते ती बुरशी. तिला ओल लागते, हवा लागते आणि ऊब लागते. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली असेल तर तिचं काही चालत नाही. लाकूड कायमचं पाण्याखाली बुडालेलं असेल तरीही चालत नाही, कारण तिथे हवा नाही. घात होतो तो मधल्या अवस्थेत, ना धड ओलं ना धड कोरडं. काचेत गुंडाळलेल्या तुळईत एकदा पाणी शिरलं की नेमकी हीच अवस्था तयार होते. आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट नाही. उन्हात होडी तापते आणि आत दमट उबारा धरतो. बुरशीसाठी याहून चांगली खोली कुणी बांधून देणार नाही.

यात पाणी कुठलं, यालाही महत्त्व आहे. समुद्राच्या खारट पाण्यात ही बुरशी सहसा जोर धरत नाही. मीठ लोणच्याला राखतं तसं काही अंशी लाकडालाही राखतं. तिथे लाकूड पोखरणारे जीव वेगळे. गोडं पाणी, आणि त्यातही होडीत साचलेलं पावसाचं पाणी, हा खरा वैरी. मालकांची होडी खाऱ्यातून गोड्यात आली आणि पुढचे तीन पावसाळे उघड्यावर राहिली.

पाणी शिरलं कुठून? मिस्त्रींनी एक एक जागा दाखवली. बसायच्या पाटाला धरून ठेवणारे स्क्रू, दोर बांधायच्या कड्याचे बोल्ट, आणि मागे कुणीतरी छत्री रोवायला पाडलेलं एक भोक. स्क्रू काच भेदून थेट लाकडात जातो, आणि त्याच्या आट्यांवरून पाणी थेंबाथेंबाने उतरतं. या सगळ्यापेक्षा वाईट जागा फळीखाली निघाली. पाणी एका खणातून दुसऱ्या खणात वाहावं म्हणून तुळयांना खाली भोकं पाडलेली असतात. या होडीत ती भोकं आतून नागडी होती, कच्च्या लाकडाची. म्हणजे ज्या वाटेने पाणी बाहेर जायचं, तिथेच ते लाकूड पीत होतं.

*

फळी कापण्यापूर्वी मिस्त्रींनी जवळजवळ सगळा दिवस नुसतं मोजण्यात घालवला. मला घाई झाली होती, त्यांना नव्हती. होडी आधी सपाट केली. बुडाखाली आठ ठिकाणी रेतीची पोती आणि लाकडी ठोकळे असे बसवले की कुठेही भार एका जागी येऊ नये. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आणि नाळेपासून मागच्या तक्त्यापर्यंत दोऱ्या ताणल्या, आणि दोरीपासून फळीचं अंतर जागोजागी लिहून घेतलं.

"फळी नि तुळया काढल्या की ही नुसती परात होती," ते म्हणाले. "परात वाकडी ठिवून तुळया चिकटवल्या, तर होडी जलमभर वाकडी पळंल."

मग ग्राइंडर. पातं फक्त वरचा काचेचा थर आणि प्लाय कापेल एवढंच खोल, आणि कडेने तीन इंचांची पट्टी शाबूत ठेवून. नवी फळी त्या पट्टीला जोडायची असते. पहारीने वरचा थर उचलला तेव्हा जो वास आला, तो इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. गंजीच्या तळाला भिजून काळा पडलेला कडबा उपसताना येतो तोच.

फळीचा प्लाय हाताने निघत होता. तपकिरी, चौकोनी भेगा पडलेला, दाबला की चहाच्या पुडीसारखा भुगा होणारा. तुळईचं काचेचं कवच चिरलं तर आत जागोजागी लाकूडच नव्हतं. काळसर ओला लगदा होता, आणि तो मिस्त्रींनी चक्क खुरप्याने काढला. खणांत तरंगण्यासाठी भरलेला पिवळा पफ पाणी पिऊन दगडासारखा जड झाला होता. मालकांनी त्यातला एक तुकडा उचलला, पिळला, आणि हातावरून चहाच्या रंगाचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. ते बराच वेळ हाताकडे बघत राहिले. पूर्वी ही होडी चार माणसं वर ओढायची. यंदा सात लागली होती. गाळ जास्त आहे असं सगळ्यांना वाटलं होतं.

यावरून होडी "वरून एक थर मारून" देण्याच्या पद्धतीविषयी बोललं पाहिजे. खर्च वाचतो म्हणून लोक तेच मागतात, आणि करून देणारेही भेटतात. कुजक्या फळीवर नवा काचेचा थर म्हणजे ओलीवर झाकण. पाय टाकला की फळी दबत नाही, म्हणून मालक निश्चिंत होतो, आणि खाली तुळई संपत राहते. लाटेवर होडी आपटते तेव्हा बुडाला धरून ठेवणारं काहीच उरलेलं नसतं. पैसे नसतील तर होडी वर्षभर काठावर पडू द्यावी, पण हे करू नये, असं माझं ठाम मत या कामानंतर झालं आहे.

पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात लाकडी होडी पालथी घातली की तिची दुखणी उघड्यावर असतात. सांध्यातून पाणी येतं, दिसतं, बुजवता येतं. फायबरची होडी अशी बोलत नाही. तिला वाजवून विचारावं लागतं.

*

लगदा काढल्यावर दोन दिवस होडी उन्हात उघडी. सोलापूरच्या मे महिन्याचा हा एक फायदा. त्रेचाळीस अंशांच्या उन्हात बुड खडखडीत वाळलं. मग ग्राइंडरने घासणं. जुन्या रेझिनवर नवं रेझिन आपोआप एकजीव होत नाही, त्याला धरायला खरबरीत पृष्ठभाग लागतो. जुना रंग, मेण, तेलकटपणा जाऊन स्वच्छ पांढरी काच दिसेपर्यंत घासायचं आणि ॲसिटोनने पुसायचं. काचेची धूळ अंगाला लागली की खाजकुइलीसारखी खाज सुटते. मिस्त्रींनी मला बाह्यांचा सदरा, मास्क आणि चष्मा घातल्याशिवाय जवळ येऊ दिलं नाही. संध्याकाळी गार पाण्याने नुसतं धुवायचं, चोळायचं नाही, हेही बजावलं.

नव्या तुळया मरीन प्लायच्या केल्या. दुकानात 'मरीन' लिहिलेला प्लाय पुष्कळ मिळतो. त्यावर आयएस ७१० हा छाप बघून घ्यावा. या मानकाच्या चाचणीत प्लायचा तुकडा ७२ तास उकळतात, तरी त्याचे पापुद्रे सुटता कामा नयेत. दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवून एक तुळई, आणि सांधे समोरासमोर येणार नाहीत अशा बेताने. बुडाचा बाक पुठ्ठ्यावर उतरवून त्याप्रमाणे खालची कड कापली. मग प्रत्येक पट्टी सगळ्या बाजूंनी रेझिनने न्हाऊ घातली. कापलेल्या कडांना तीन-तीन हात दिले, कारण लाकूड पाणी पितं ते कडेने. पाणी वाहण्याच्या भोकांत पीव्हीसी नळीचे तुकडे रेझिनमध्ये बसवले. पुन्हा तिथे लाकूड उघडं पडणार नाही.

तुळई बुडावर नुसती टेकवत नाहीत. रेझिनमध्ये पावडर कालवून केलेल्या लापशीसारख्या लुकणाच्या गादीवर ती बसते. दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत तेच लुकण बोटाने फिरवून गोलाई देतात. काचेची मॅट काटकोनात वळत नाही. जबरदस्ती केली तर कोपऱ्यात हवा राहते, आणि तीच पुढच्या ओलीची जागा.

आता खरं काम: पहाटे साडेपाच ते आठ. त्यानंतर नाही. रेझिन घट्ट होतं ते हार्डनर घातल्यावर, आणि घट्ट होताना स्वतःच तापतं. थंडीत किलोला जेवढं हार्डनर लागतं त्याच्या निम्म्याने मे महिन्यात भागतं. मिस्त्रींनी किलोला दहा मिलीच्या वर जाऊ दिलं नाही. एकदा मदतनीस पोराने डबा अर्धा भरलेला तसाच उन्हात ठेवला. पाच-सात मिनिटांत त्यातून धूर निघाला, डबा वितळून कलंडला, आणि मिस्त्रींनी तो काठीने ढकलून रेतीत घातला. रेझिनला वेग देणारं कोबाल्ट आणि हार्डनर कधीच एकमेकांत थेट ओतायचे नाहीत, भडका उडतो, हे त्यांनी त्या पोराला तिथेच पुन्हा म्हणून दाखवायला लावलं.

उजनीची गंमत अशी की होडी दुरुस्त करायचा मोसम आणि रेझिनला सर्वांत वाईट मोसम एकच आहे. धरणात एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं, पण उपयुक्त साठा त्याच्या निम्म्याहून कमी धरलेला आहे. पाणी त्याच्याही खाली उतरलं की हिशेब शून्याखाली जातो, म्हणून इथे उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये गेली' असं सहज बोलतात. २०२४ मध्ये ती उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली होती. पाणी लांब गेलं की होड्या रिकाम्या होतात, मालकांना सवड मिळते, आणि पावसाळ्याआधी काम उरकावं लागतं.

मॅटचा एक थर, वर विणलेल्या रोव्हिंगचा, पुन्हा मॅट. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा दोन बोटं रुंद, म्हणजे कड एकाच रेषेत संपत नाही. रोव्हिंगचा ठाण उलगडताना मिस्त्री थांबले आणि मला बोलावून कापड हातात दिलं. काचेच्या सुतळ्यांची साधी वीण, एक वर एक खाली.

"ताणा-बाणा बगा सर. आमचे वडील ह्येच करायचे, सुताचं. चादरीला रंग असतोय, ह्याला न्हाय."

लोखंडी रोलरने हवा दाबून काढताना पांढरी वीण रेझिन पिऊन हळूहळू पारदर्शक होत गेली आणि खालची तुळई दिसायला लागली. जिथे पांढरं राहिलं, तिथे पुन्हा रोलर. मला त्या वेळी मराठीतला राळ हा जुना शब्द आठवत होता. साल वृक्षाचा डिंक म्हणजे राळ. ती तेलात उकळून होड्यांच्या फटी बुजवायची रीत जुनी आहे. पदार्थ बदलला, काम तेच आहे.

इपॉक्सी वापरायचं का, यावर बराच खल झाला. इपॉक्सी लाकडाला आणि जुन्या काचेला पॉलिएस्टरपेक्षा जास्त घट्ट धरते, पण किंमत कितीतरी पट. आणि एकदा इपॉक्सी लावली की तिच्यावर पॉलिएस्टर नीट धरत नाही, त्यामुळे आधी ही मग ती असं करता येत नाही. मालकांच्या खिशाला पॉलिएस्टर झेपत होतं, म्हणून तुळया आणि फळी पॉलिएस्टरमध्ये झाली. इपॉक्सी फक्त शेवटी, स्क्रूच्या भोकांत. आधी जाड भोक पाडायचं, ते इपॉक्सीने गच्च भरायचं, घट्ट झाल्यावर तिच्या मधोमध बारीक भोक. स्क्रू लाकडाला शिवतच नाही. सगळ्या कामात हे सर्वांत स्वस्त आणि, मला विचाराल तर, सर्वांत मोलाचं.

काचेत लाकूड ठेवणं हीच मुळात चूक आहे, असं मात्र नाही. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली 'म्हादेई' ही शिडाची नौका अशीच आहे: लाकडाच्या पट्ट्या, त्यावर काच आणि इपॉक्सी. २००९ च्या ऑगस्टमध्ये दिलीप दोंदे तिच्यातून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले. पुढे अभिलाष टॉमी यांनी तीच नौका घेऊन कुठेही न थांबता जगाला फेरी घातली. दक्षिण महासागराच्या लाटा खाऊनही ते लाकूड टिकलं. ओल आत जाऊच दिली नाही, तर लाकडासारखं सामान नाही.

*

नवी फळी बसवायच्या आधी तिची खालची बाजू काचेने मढवून घेतली. कारखान्यात ही बाजू कोरी सोडलेली होती. कुणाला दिसत नाही ना. पफ पुन्हा भरला नाही. त्याच्या जागी बुचं गच्च चिकटवलेले रिकामे कॅन बांधले, तेही असे की एका झाकणातून हात घालून बघता येतील. वर दोन थर, शेवटच्या थरात मेण मिसळलेलं रेझिन, कारण त्याशिवाय पृष्ठभाग हवेत चिकटच राहतो. ते ओलं असतानाच मालकांनी चाळलेली रेती मुठीमुठीने पेरली, पेरणी करावी तशी. पाय घसरू नये म्हणून.

मागच्या तक्त्यात, सर्वांत खाली, नवं पितळी बूच बसलं. काठावर ठेवताना नाळ उंच, मागची बाजू खाली आणि बूच काढलेलं, एवढं मिस्त्रींनी तीनदा सांगितलं. मजुरी मोजून घेतली, एकदा नाळेपासून मागपर्यंत हातोडीचा दांडा वाजवत गेले. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. खडू कानामागेच राहिला.

होडी पाण्यात गेली जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. वर ओढायला पुन्हा चारच माणसं लागतात, हे मालकांच्या पत्नीने मला फोनवर सांगितलं. मी गेलो तेव्हा आदल्या रात्री मृगाचा चांगला पाऊस झालेला होता. होडी काठावर होती, नाळ वर. रात्री बूच काढायचं मात्र राहून गेलं होतं, आणि मागच्या बाजूला वीतभर पाणी साचलेलं. मालक काही न बोलता खाली वाकले आणि बूच फिरवलं. त्यांनी ओंजळ धरली. पत्नी दोन पावलं पुढे येऊन बघू लागली. ओंजळ भरून पाणी सांडायला लागलं, आणि त्यातून त्यांच्या तळहातावरच्या रेघा दिसत होत्या.